संगणक व परवानाकृत सॉफ्टवेअर विक्री (ग्रामीण विदर्भ)

विदर्भातील तालुक्याच्या आणि मोठ्या बाजारपेठेच्या गावांत चालणारा संगणक, सुटे भाग व सॉफ्टवेअरचे परवाने विकण्याचा व्यवसाय. दुकानाच्या पाटीवर ‘सेल्स अँड सर्व्हिस’ असते. दुकानदाराचे पोट मात्र बहुधा ‘सर्व्हिस’वरच चालते. यंत्रासाठी पंचवीस हजार मोजणारे गिऱ्हाईक सॉफ्टवेअरला पैसे द्यायला तयार नसते, हा अनुभव विकसनशील देशांत सगळीकडचा. त्याचे कारण गरिबी असे सांगितले जाते. इथला व्यवहार जवळून पाहिला तर ते कारण अर्धेच पटते.

मागणीला खरा जोर आला तो महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची (एमकेसीएल) स्थापना २००१ मध्ये झाल्यानंतर. एमएस-सीआयटी या तिच्या संगणक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र सरकारी नोकरीसाठी लागू लागले आणि तालुक्याच्या गावात आठ-दहा यंत्रांची प्रशिक्षण केंद्रे निघाली. पाठोपाठ जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने), कृषी सेवा केंद्रे, पतसंस्था, लग्नपत्रिका छापणारे डीटीपीवाले, दाखले काढून देणारी सेवा केंद्रे हे गिऱ्हाईक आले. यंत्र बहुधा ‘असेंबल्ड’ असे. नागपूर, अमरावती किंवा अकोल्याहून सुटे भाग आणायचे आणि दुकानातच जोडायचे. भारनियमनाच्या काळात यूपीएसशिवाय संगणक विकणे म्हणजे भांडण विकत घेणे होते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि जिनिंगमध्ये कापसाचे तंतू पंख्यात अडकतात. एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा भाग) जळणे ही मे महिन्यातली नेहमीची तक्रार. वसुली पिकावर अवलंबून. दिवाळीला नेलेल्या यंत्राचे उरलेले पैसे कापसाचा चुकारा हाती आल्यावरच येतात, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

विंडोज मात्र या व्यवहारात विकले जात नसे, ‘टाकून दिले’ जाई. ‘फॉरमॅट मारून द्या’ या एका वाक्यात विंडोज, ऑफिस, फोटोशॉप आणि मराठी फॉन्ट सगळे आले. परवान्याचे वेगळे बिल लावले की प्रश्न येई, ‘सीडीचे कायले पैसे, भाऊ?’ किमतीचा हिशेब पाहिला तर या प्रश्नात तथ्य होते. २०१५ मध्ये विंडोज १० होम भारतात ७,९९९ रुपयांना आले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४,१०० रुपये होता. म्हणजे एका परवान्याला जवळपास दोन क्विंटल कापूस. आणि अमेरिकेतली ११९ डॉलर ही किंमतही रुपयांत जवळपास तेवढीच भरत होती. स्वस्त पर्याय देण्याचा एक प्रयत्न आधी झाला होता. विंडोज एक्सपीची ‘स्टार्टर’ आवृत्ती २००५ मध्ये भारतात हिंदीतून आली. ती नव्या यंत्राबरोबरच मिळे आणि तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडत. शेजारच्या यंत्रावर फुकटातले पूर्ण विंडोज चालताना हे कोण घेणार? ग्रामीण गिऱ्हाइकाला स्वस्त चालते, कमी चालत नाही.

तरीही दोन गोष्टी पैसे देऊन घेतल्या गेल्या. पहिली अँटिव्हायरस. पुण्याची क्विक हील ही कंपनीच मुळात दुरुस्तीच्या दुकानातून वाढलेली. तिचा माल खोक्यात येई, फळीवर मांडता येई, आणि पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने फाइली गेल्यावर गिऱ्हाईक स्वतःहून विचारत येई. मुदत संपली की नूतनीकरण, म्हणजे दुकानदाराला पुन्हा कमिशन. चोरीच्या विंडोजवर राखण करायला पैसे मोजून आणलेला अँटिव्हायरस, असे चित्र बऱ्याच कार्यालयांत दिसे.

दुसरी टॅली, म्हणजे हिशेब ठेवण्याचे सॉफ्टवेअर. १ एप्रिल २००५ ला राज्यात व्हॅट आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर अडत्या, जिनिंगवाला, खतविक्रेता यांना संगणकावर हिशेब ठेवणे भाग पडले. परवाना नसेल तर टॅली ‘एज्युकेशनल मोड’मध्ये उघडते आणि महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या व शेवटच्या तारखेच्याच नोंदी घेते. महिन्यातून तीनच दिवस व्यापार करणारा अडत्या कुठे सापडायचा? क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेल्या, प्रतीही फिरत. पण कराचे नियम बदलले की त्या निरुपयोगी होत, आणि विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी फोन उचलणारा माणूस क्रॅकबरोबर मिळत नाही. परवान्याची किंमत लोक त्या माणसासाठी देतात.

मराठी फॉन्टच्या पॅकेजांचे नशीब मधले. श्रीलिपी, आकृती यांचे परवाने मोठे छापखाने घेत. लहान डीटीपीवाला नकलेवर भागवी. युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखीच चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) रुळल्यावर कार्यालयीन कामापुरती ही गरजच संपली.

कायद्याने संगणक प्रोग्रॅम १९५७ च्या प्रताधिकार कायद्याखाली येतो. कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसल्यास न्यायालय कैद माफ करू शकते. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या पाहणीत भारतातील विनापरवाना सॉफ्टवेअरचे प्रमाण २०११ मध्ये ६३ टक्के, तर २०१७ मध्ये ५६ टक्के होते. अशा प्रतींची बाजारभावाने किंमत काढून तिला नुकसान म्हणण्याची रीत मात्र फसवी आहे. फुकट मिळाले नसते तर त्या जिनिंगवाल्याने विंडोज विकत घेतले असते, असे त्यात गृहीत धरलेले असते.

विंडोजला पर्याय असलेले लिनक्स फुकट असूनही दुकानात फारसे रुजले नाही. टॅली विंडोजवरच चालते, प्रिंटरचा ड्रायव्हर सहज सापडत नाही, आणि दुकानातल्या पोऱ्यालाही ते येत नाही. खरा परवाना अनेक घरांत आला तो दुसऱ्याच वाटेने. विंडोज ८ पासून (२०१२) कंपन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरील चिपमध्येच परवान्याची किल्ली भरू लागल्या. शहरातल्या कंपन्यांनी मोडीत काढलेले हे लॅपटॉप सेकंडहँड होऊन तालुक्याच्या दुकानात येतात. फॉरमॅट मारताना पोऱ्या सवयीने क्रॅक शोधायला जातो, तोवर विंडोज आपोआप ‘ॲक्टिव्हेटेड’ दाखवते.