हाक आली, पण दार कोण उघडणार? गोव्यातील कॅथलिक परिवर्तनाची पार्श्वभूमी

गोव्यात धर्मांतराचा विषय निघाला की बोलणे सोळाव्या शतकावर जाते: पाडलेली देवळे, 1560 मध्ये आलेले इन्क्विझिशन म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, देव घेऊन नदीपलीकडे गेलेली कुटुंबे. ते विसरण्यासारखे नाहीच. पण उपासकाळातल्या प्रवचनात पाद्री ज्या परिवर्तनाबद्दल बोलतो, ते बाप्तिस्मा झालेल्याच माणसाचे असते. आयुष्य पुन्हा देवाकडे वळवायचे आणि तो कुठल्या कामाला बोलावतो हे ऐकायचे. हा धागाही त्याच शतकात गोव्यात आला.

इग्नेशियस लोयोला हा बास्क सरदारपुत्र. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर त्याने शौर्यकथा मागितल्या. घरात निघाले ख्रिस्तचरित्र आणि संतकथा. मग पडल्या पडल्या तो कधी दरबारातले पराक्रम मनात रंगवी, कधी संतांसारखे जेरुसलेमला चालत जाणे. रमायचा दोन्हींत. पण पहिल्यानंतर मन कोरडे पडे, दुसऱ्यानंतर समाधान टिके. हा फरक त्याने टिपला, आणि पुढे त्याच निरीक्षणावर तीसेक दिवसांची मौन साधना बांधली. आजही त्याने स्थापलेल्या येशूसंघाच्या रिट्रीटचा, म्हणजे एकांतसाधनेचा, कणा तोच आहे.

पॅरिसमध्ये त्याच्याच खोलीत राहणारा फ्रान्सिस झेवियर सहजी वळला नाही. वळला तो पूर्ण: 1534 मध्ये मोंमार्त्र टेकडीवर शपथ, 6 मे 1542 रोजी गोवा. खरे तर यायचा होता त्यांचा सोबती बोबादिला. तो आजारी पडला म्हणून झेवियरची पाळी आली. आणि हेही सांगायला हवे की 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन मागणारा झेवियरच. ज्याला आपण गोंयचो सायब म्हणतो, त्याच्यात दोन्ही धागे आहेत.

ऐकायचे तर आपल्या बोलीत. गोव्यातल्या सासष्टीत राहून येशूसंघाचे इंग्रज पाद्री फादर स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले. ते 1616 मध्ये राशोलला छापले गेले. त्यातला एक ब्राह्मण विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही?

खरी अडचण पुढची. गोयकाराला हाक आली तरी युरोपीय पाद्रींचे धर्मसंघ त्याला आत घेत नसत. दिवाडीच्या मातेउस द कास्त्रोला गोव्यात दीक्षा मिळेना. तो रोमला गेला, पाद्री झाला आणि 1637 मध्ये बिशपही. बाणावलीत 1651 मध्ये जन्मलेल्या जुझे वाझने 1677 मध्ये सांकवाळला स्वतःला मरियेचा दास म्हणून लिहून दिले. 1685 मध्ये जुन्या गोव्यातल्या मिलाग्रीस चर्चपाशी जमलेल्या गोमंतकीय पाद्रींना त्याने ओरेटरीची, म्हणजे एकत्र राहणाऱ्या पाद्रींच्या मंडळाची, शिस्त लावली. डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातलेल्या श्रीलंकेत तो मजुराच्या वेशात शिरला. कँडीच्या राजाने हेर समजून कैद केले, तरी तो तिथेच राहिला. 1711 मध्ये तिथेच वारला. माझ्या मते झेवियरपेक्षाही वाझ गोव्याचा अधिक आहे, पण त्याच्या नावाने तेवढी गर्दी होत नाही. अर्थात जात इथेही सुटली नव्हती: ओरेटरी ब्राह्मण पाद्रींची, चिंबलचा कार्मेलीत संघाचा मठ चार्डोंचा, म्हणजे क्षत्रिय मानल्या जाणाऱ्या ख्रिस्ती जातीचा.

1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने हे धर्मसंघच बंद केले. पुढे 1887 मध्ये स्थानिक पाद्रींनी मिशनरी मंडळ काढले, त्याचे ठाणे पिलारच्या ओस मठात आले. हणजूणचे आग्नेल द सौझा याच मंडळातले. राशोलच्या सेमिनारीत ते अखेरपर्यंत, म्हणजे 1927 पर्यंत, विद्यार्थ्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. पिलारला गुरुवारी होणारी गर्दी त्यांच्यासाठी.

तोवर हाक म्हणजे पाद्री किंवा मादर (नन) होणे, एवढेच घरोघरी समजले जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) ठणकावले की पावित्र्याचे बोलावणे प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्याला आहे, संसारी माणसालाही. मिस, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमधून कोंकणीत आली ती त्याच काळात. वाझला संत घोषित करायला मात्र 2015 उजाडले, आणि तो सोहळा झाला कोलंबोत.