पार्श्वभूमी : पानाबाहेरचा करडा रंग

पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर दिसणाऱ्या, पण न छापल्या जाणाऱ्या आखणीच्या रेघा असतात : मार्जिनची रेघ गुलाबी, कॉलमची जांभळी, ब्लीडची (कापताना जाणाऱ्या जास्तीच्या कडेची) लाल आणि रूलरवरून ओढलेली रेघ, म्हणजे गाइड, आकाशी. हे रंग बदलता येतात, पण बदलतो क्वचितच कुणी.

छपाईत न उतरणाऱ्या रेघांची गरज संगणकाच्या आधीची. ब्रोमाइड (मजकूर उतरवलेला फोटोचा कागद) कापून, रबर सोल्युशन लावून पान चिकटवलं जायचं तेव्हा कार्डावर आखणी फिकट निळ्या पेन्सिलीने होत असे. छपाईसाठी त्या पानाचा फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यातली लिथ फिल्म लाल रंगाला आंधळी. फिकट निळी रेघ तिला कागदाइतकीच पांढरी दिसे, लाल रेघ मात्र थेट काळी उतरे. आजच्या निळसर गाइड म्हणजे त्याच पेन्सिलीचा वारसा, असं सांगतात. मला ते अर्धंच पटतं. तसं असतं तर ब्लीडला लाल कुणी दिला असता? शिवाय १९८५मध्ये पेजमेकर हे पानं लावायचं आधीचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मॅकचा पडदाच कृष्णधवल होता. रंगीत मॅक १९८७चा.

वारसा खरा उतरला तो नावात : पेस्टबोर्ड, म्हणजे पडद्यावर पानाभोवती असलेली मोकळी जागा. पण त्या एका शब्दाचे अर्थ दोन झाले. पेजमेकरमध्ये पेस्टबोर्ड अख्ख्या फाइलला एकच. बाजूला ठेवलेला लोगो पुढच्या पानावर गेलं तरी जागेवरच. १९९९मध्ये आलेल्या इनडिझाइनने प्रत्येक स्प्रेडला (समोरासमोरच्या पानांच्या जोडीला) वेगळा पेस्टबोर्ड दिला. आपल्याकडे जुन्या फॉण्टमुळे पेजमेकर बराच उशिरापर्यंत टिकला. तो सोडून आलेल्यांना बाजूला ठेवलेली जाहिरात पान उलटताच दिसेनाशी व्हायची, आणि शोधाशोध सुरू.

तरी हा गोंधळ चार दिवसांचा. खरी कुरबूर झाली २०१३ला. तोवर पेस्टबोर्ड पांढरा असे. त्या वर्षीच्या आवृत्तीत सगळी खिडकी गडद करडी झाली आणि पेस्टबोर्डही तिच्याच रंगाचा. फोटो संपादनाच्या फोटोशॉपने आदल्याच वर्षी हा पोशाख चढवला होता, त्याच्याशी जुळवून घेतलं गेलं. डोळ्यांना त्रास कमी, चित्र उठून दिसतं, ही बाजू मांडली गेली. व्हिडिओवाल्यांच्या अंधाऱ्या खोलीत ती बरोबरही आहे. पण पान कागदावर छापलं जाणार, आणि कागद ट्यूबलाइटच्या उजेडात वाचला जाणार. गडद चौकटीत तोच करडा टिंट (काळ्या शाईची फिकी छटा) आहे त्यापेक्षा फिका भासतो. ऑपरेटर तो दोन पायऱ्या वाढवतो, वर न्यूजप्रिंटवर शाई पसरून ठिपके फुगतात, आणि बातमीची चौकट काळपट होऊन बसते. रंग तपासताना भोवताल उदासीन (न्यूट्रल) असावा, हे छपाईच्या मानकात आधीपासूनच होतं. गडद थीम हा पर्याय म्हणून चांगलाच. पहिल्यापासून तोच लादणं मात्र छपाईवाल्यांना विसरून केलेलं काम वाटतं.

माघारीची वाट ठेवली होती, हेही खरं. प्रेफरन्सेसच्या इंटरफेस भागात चार छटा आहेत, आणि पेस्टबोर्ड इंटरफेसशी जुळवायची खूण काढली की तो पुन्हा पांढरा होतो. प्रिव्ह्यूची पार्श्वभूमी आणि रेघांचे रंग ‘गाइड्स अँड पेस्टबोर्ड’मध्ये. तिथेच गाइड मजकुराच्या मागे पाठवता येतात. देवनागरी लावणाऱ्याने हे करावंच : शिरोरेषेवरून गाइड गेली की रेषा कुठली नि गाइड कुठली, हे लहान टाइपात कळेनासं होतं. रूलर गाइडचा रंग लेआउट मेन्यूतून बदलतो. कुठलीच फाइल उघडी नसताना बदलला, तर पुढच्या प्रत्येक नव्या फाइलला तोच लागतो. आधी बनवून ठेवलेल्या अंकाच्या फाइलीत मात्र जुनाच आकाशी राहतो.