पायी जाण्याचा रस्ता आणि फिरण्याचा रस्ता

फूटपाथ रुंद केला, नवे ब्लॉक बसवले, दिवे लावले, की लगेच 'आता इथे फिरायला मस्त झालं' म्हणायचं. संध्याकाळी तिथे कुणी फिरकलं नाही, की 'लोकांना चालायची सवयच उरली नाही' म्हणून लोकांच्या नावाने खडे फोडायचे. हा घोळ ऐकून आता कंटाळा आलाय. 'बँकेत पायी गेलो' आणि 'जरा फिरून आलो' यांतला फरक शेंबडं पोरही सांगेल. रस्त्यांच्या बाबतीत मात्र आपण पहिल्यासाठी बांधतो आणि दुसऱ्याची वाट बघत बसतो.

पायी जाण्याच्या रस्त्याला काय लागतं ते सगळ्यांना पाठ आहे: सलग फूटपाथ, ओलांडायला सुरक्षित जागा, उजेड. फिरायलाही ते हवंच. पण काम असलं की माणूस यातलं निम्मं नसतानाही चालतो. यान गेल या डॅनिश वास्तुरचनाकारांनी नेमकं हेच मांडलं: गरजेचं येणं-जाणं रस्ता कसाही असला तरी होतं, हौसेचं मात्र रस्ता चांगला असला तरच. म्हणून सकाळी नऊची गर्दी मोजून रस्त्याला शाबासकी देणाऱ्यांचं मला हसू येतं. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मोजा की.

खरी मेख आहे फूटपाथच्या कडेला. रुंदी सगळे मोजतात, कडेला काय आहे ते कुणी बघत नाही. २०० मीटरची कोरी कंपाउंड वॉल घ्या. ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतून ती १४-१५ सेकंदांत मागे पडते. ताशी ५ किलोमीटरने चालणाऱ्याच्या सोबत ती जवळजवळ अडीच मिनिटं असते. कामाला निघालेल्याला त्याचं काही नाही, त्याचं मन आधीच पुढे पोचलेलं असतं. फिरणाऱ्याची मात्र 'गाड्या लावू नयेत' ही पाटी चार वेळा वाचून होते. त्याच २०० मीटरमध्ये सहा-सहा मीटरची दुकानं-घरं असली, तर दर चार-पाच सेकंदांनी नवं काहीतरी समोर येतं: अर्धवट उघडं दार, पायरीवरचं मांजर, वरच्या गॅलरीतून कुणाला तरी मारलेली हाक. अंतर तेवढंच, पण ते जाणवत नाही.

कोपनहेगनमधला स्ट्रॉयेट हा रस्ता १९६२ साली गाड्यांना बंद झाला. त्यावरून लोक 'गाड्या हटवा की झालं' असा धडा घेतात. पण तो जुन्या शहरातला अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं खेटून उभी, मधेमधे चौक. हीच बंदी कोऱ्या भिंतींच्या रस्त्यावर घातली तर हाती एक लांबलचक ओसाड पट्टा येईल.

रुंदीचंही जाता जाता सांगतो. कामाचा माणूस बहुधा एकटा असतो; फिरणारे बहुधा दोघं असतात आणि बोलत असतात. वाटेत विजेची पेटी आली, आडवी लावलेली दुचाकी आली, की एकाला मागे व्हावं लागतं आणि वाक्य अर्धवट तुटतं. दर फाटकापाशी फूटपाथ खाली उतरून पुन्हा चढतो, तिथेही तेच. कागदावर तीन मीटर रुंदी असते, जोडीने चालायला एक मीटरही उरत नाही.

झाडांबद्दल एकच: सुशोभीकरणाच्या नावाखाली ते शोभेचे ताड लावू नका. त्यांची सावली चालणाऱ्याच्या डोक्यावर येत नाही, समोरच्या गच्चीवर जाते.

आणि बाक. पायी जाणाऱ्याला तो लागत नाही, म्हणून सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत, कचरापेटीच्या शेजारी बसवतात. असल्या एका बाकावर मी मुद्दाम बसून पाहिलं. पाठीशी वाहतूक, समोर हातभर अंतरावर भिंत. सात मिनिटांत उठलो.