अमेरिकेतील जर्मन भाषा

जर्मनभाषक प्रदेशांतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आलेल्या स्थलांतरितांनी व त्यांच्या वंशजांनी घरात, चर्चमध्ये, शाळांत आणि वृत्तपत्रांत पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली भाषा. १६८३ मध्ये जर्मनीतील क्रेफेल्ट शहराहून आलेल्या कुटुंबांनी फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन वसवले, तिथून तिचा इतिहास सुरू होतो. पहिल्या महायुद्धापर्यंत इंग्रजीखालोखाल तिचाच वावर मोठा होता.

तिच्याविषयीची धास्तीही जुनीच. नैऋत्य जर्मनीतील पॅलाटिनेट प्रदेशातून आलेले हे लोक पेन्सिल्व्हेनियाला जर्मन करून टाकतील, अशी भीती बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५१ मध्ये लिहून ठेवली आहे. मात्र स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारल्याची बातमी ५ जुलै १७७६ रोजी सर्वांत आधी छापली ती फिलाडेल्फियाच्या एका जर्मन वृत्तपत्राने. जर्मन ही देशाची अधिकृत भाषा होता होता एका मताने राहिली, ही सर्वत्र ऐकू येणारी गोष्ट खोटी आहे. कायद्यांची जर्मन भाषांतरे मिळावीत अशी विनंती काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, आली होती आणि ४२ विरुद्ध ४१ असा निकाल लागला तो कामकाजाविषयीच्या एका ठरावावर. संघीय पातळीवर अधिकृत भाषा अशी नव्हतीच; इंग्रजीला तो दर्जा १ मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने मिळाला.

१८४० पासून सिनसिनाटीच्या सरकारी शाळांत मुले दिवसाचा काही भाग इंग्रजी शिक्षकाकडे आणि काही भाग जर्मन शिक्षकाकडे शिकत. विस्कॉन्सिनमध्ये १८८९ च्या बेनेट कायद्याने इंग्रजी माध्यमाची सक्ती केली, तेव्हा एरवी एकमेकांशी न पटणारे जर्मन ल्यूथरन (एक प्रोटेस्टंट पंथ) आणि कॅथलिक तिच्याविरुद्ध एकत्र आले. पुढच्याच वर्षी गव्हर्नर निवडणूक हरले आणि १८९१ मध्ये कायदा रद्द झाला. ‘पूर्वीचे स्थलांतरित आल्याबरोबर इंग्रजी शिकत’ असे आज ठासून सांगितले जाते. त्याच राज्यातल्या हस्टिसफर्ड गावाची १९१० ची जनगणना वेगळे सांगते: सुमारे चतुर्थांश लोकांनी आपल्याला फक्त जर्मन येते असे नोंदवले आणि त्यांतले कितीतरी अमेरिकेतच जन्मलेले होते. ते स्वतःला अमेरिकनच मानत होते, आणि ते योग्यच होते.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि भाषा हाच द्रोहाचा पुरावा ठरू लागला. ५ एप्रिल १९१८ रोजी इलिनॉयमधील कॉलिन्सव्हिल येथे रॉबर्ट प्रागर या जर्मन कामगाराला जमावाने फासावर लटकवले. मे महिन्यात आयोवाच्या गव्हर्नरांनी शाळेत, चर्चमध्ये, आगगाडीत, इतकेच काय टेलिफोनवरही इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलण्यास मनाई केली. नेब्रास्काने १९१९ मध्ये आठवी उत्तीर्ण होण्याआधी परकी भाषा शिकवणे गुन्हा ठरवला. त्याच राज्यातल्या हॅम्प्टन येथील ल्यूथरन शाळेत रॉबर्ट मेयर हे शिक्षक २५ मे १९२० रोजी दहा वर्षांच्या मुलाकडून बायबलमधील गोष्ट जर्मनमध्ये वाचून घेत होते. सरकारी वकील दारात आले. मेयर यांनी त्यांना पाहिले आणि धडा जर्मनमध्येच पुढे चालू ठेवला. त्यांना २५ डॉलर दंड झाला. त्यांनी तो भरला नाही, दाद मागितली. ४ जून १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी कायदा घटनाबाह्य ठरवला. आईबापांना आपले मूल कसे शिकवावे हे ठरवण्याचा हक्क आहे, हे तत्त्व अमेरिकी न्यायव्यवस्थेत याच निकालाने रुजवले.

तोवर घाव बसून गेला होता. शहरांतली जर्मन युद्धाआधीच ओसरू लागली होती, हे खरे. पण शाळा बंद पडल्या, वृत्तपत्रे मिटली आणि घरात मुलांशी इंग्रजीच बोलायचे हे अनेक कुटुंबांनी भीतीपोटी ठरवले. २००० च्या जनगणनेत चार कोटींहून अधिक लोकांनी आपले मूळ जर्मन सांगितले; भाषा त्यांच्यातल्या फारच थोड्यांना येते. टेक्ससमधील न्यू ब्राउनफेल्स, फ्रेडरिक्सबर्ग या भागांत तिची स्थानिक बोली आता वृद्धांपुरती उरली असून अभ्यासक तिचे ध्वनिमुद्रण करत आहेत.

जोमाने वाढते आहे ती एक बोली: पेन्सिल्व्हेनिया डच. नावात डच असले तरी ती जर्मनचीच. आमिश आणि जुन्या वळणाचे मेनोनाइट हे साधेपणाने राहणारे ख्रिस्ती पंथीय ती घरात बोलतात, बायबल ल्यूथरच्या जर्मनमध्ये वाचतात आणि शाळा इंग्रजीत शिकतात. मोठी कुटुंबे आणि बाहेरच्या जगापासून जाणीवपूर्वक राखलेले अंतर यांमुळे आमिश लोकसंख्या साधारण दर वीस वर्षांनी दुप्पट होते आणि तिच्याबरोबर ही बोलीही.