मिठाने किंवा व्हिनेगरने सुती कापडाचा रंग पक्का होतो का?

‘गोधडीचं गडद सुती कापड मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण रंगकामात मीठ खरोखरच वापरतात. पण ते कापड रंगवताना. मिठामुळे पाण्यातला रंग धाग्याकडे ओढला जातो. सुतासाठी सर्रास वापरला जाणारा रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याशी कायमचा जोडला जातो तो धुण्याच्या सोड्यासारख्या अल्कलीमुळे. रंगवून झालेल्या कापडात न जोडलेला सुटा रंग उरलेला असतो आणि तोच पुढे पाण्यात उतरतो. मीठ त्याला बांधून ठेवत नाही. व्हिनेगरसारखं आम्ल लोकर आणि रेशमाच्या काही रंगांना लागतं, सुताला नाही.

स्वतः पडताळून पाहा. एकाच कापडाचे दोन तुकडे घ्या. एक मिठाच्या पाण्यात भिजवा, दुसरा साध्या. मग दोन्ही खळबळून, काचेच्या वेगवेगळ्या ग्लासांत गरम पाणी आणि थोडा डिटर्जंट घालून अर्धा तास ठेवा. पाण्याचा रंग बघा. नंतर ओले तुकडे पांढऱ्या सुती कापडावर वाळू द्या. ही शेवटची पायरी गाळू नका. पाणी नितळ दिसूनही डाग उमटू शकतो.

डाग पडला तर उपाय एकच, सुटा रंग काढून टाकणं. कापण्याआधी कापड भरपूर गरम पाण्यात डिटर्जंटने पुन्हापुन्हा धुवा. तरीही रंग जात राहिला, तर ते कापड पांढऱ्या तुकड्यांशेजारी जोडू नका. शिवलेल्या गोधडीत रंग पसरलाच, तर ती वाळू न देता लगेच डिटर्जंट घातलेल्या भरपूर गरम पाण्यात बुडवून ठेवा.