रोझाउरा कुठल्या रकान्यात?

जुन्या स्पॅनिश नाटकांत बायकांच्या तोंडी किती ओळी येतात, त्या कोणाकोणाशी बोलतात, हे हल्ली कॉम्प्युटरने मोजतात. ऐकायला सोपं वाटतं, पण मोजणीतला घोळ चारशे वर्षं जुना आहे.

१५८७ मध्ये माद्रिदला नट्यांना स्टेजवर यायची परवानगी मिळाली, अट अशी की बाई लग्न झालेली हवी, नवरा सोबत हवा आणि पुरुषी कपडे अजिबात घालायचे नाहीत. (इंग्लंडमध्ये बायका रंगभूमीवर यायला १६६० उजाडलं.) ही शेवटची अट कोण पाळतंय! त्या काळचा गाजलेला नाटककार लोपे दे वेगा, त्याने १६०९ मध्ये नाटक कसं लिहावं यावर एक कविता केली, तिच्यात तो सरळ सांगतो की पुरुषवेषातली बाई प्रेक्षकांना फार आवडते. मग काय, तिर्सो दे मोलिना या नाटककाराच्या नाटकात हिरव्या विजारीतला डॉन हिल म्हणजे खरं तर डोन्या हुआना नावाची बाई, आणि शेवटाकडे तर एकाहून जास्त डॉन हिल फिरत असतात. काल्देरॉन या नाटककाराच्या ‘आयुष्य एक स्वप्न’ची सुरुवातच पुरुषवेषातल्या रोझाउराने होते, मधे ती दासी बनून येते आणि शेवटी बाईचे कपडे नि पुरुषाची शस्त्रं, दोन्ही एकत्र.

मोजायची सवय मात्र कॉम्प्युटरच्या आधीची. मॉर्ली आणि ब्रुअर्टन या अभ्यासकांनी लोपेच्या नाटकांतली वृत्तं हाताने मोजून त्यांचा कालक्रम लावला, ते पुस्तक १९४० चं. १९७४ मध्ये मेल्वीना मॅकेंड्रिकने या ‘पुरुषी बायकां’वर आख्खं पुस्तक लिहिलं, तेही वाचून वाचूनच.

आता ड्राकोरसारख्या नाटकांच्या ऑनलाइन संग्रहात प्रत्येक पात्राला स्त्री किंवा पुरुष असा टॅग लावलेला असतो, काल्देरॉनचा तर तिथे वेगळा संच आहे. पण टॅग पात्राला लागतो, वेषाला नाही, त्यामुळे रोझाउराच्या सगळ्या ओळी बाईच्या खात्यात जातात, समोरचा तिला पुरुष समजून बोलत असला तरी. मला हे पटत नाही, निदान प्रवेशागणिक वेष तरी नोंदवावा.

आणि शब्दांवरून बायकी भाषा शोधणं तर आणखी अवघड. एकतर आना कारोसारख्या थोड्या लेखिका सोडल्या तर लिहिणारे बहुतेक पुरुषच, त्यात लोपेच्याच सल्ल्याप्रमाणे प्रेमाला रेदोन्दिया, हकिगत सांगायला रोमान्से, अशी वृत्तं वाटून दिलेली. नायिका प्रेमाच्या प्रवेशात जास्त असली तर सापडलेला फरक तिच्या बाईपणाचा की वृत्ताचा, हे आधी वृत्त वेगळं काढल्याशिवाय कळायचं नाही.