दहा मिनिटांच्या स्क्रॅबलचे नियम आले कुठून

जळगाव किंवा धुळ्याला एका दिवसात स्क्रॅबलची, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून शब्द करण्याच्या खेळाची, स्पर्धा उरकायची म्हटलं की आधी हिशेब करावा लागतो तो वेळेचा. नेहमीच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला २५ मिनिटं मिळतात. टाइल्स मोजणं, हरकती (समोरच्याचा शब्द चूक आहे असा दावा), सह्या धरून एक डाव तासावर जातो. सहा फेऱ्या आणि मधलं जेवण मांडलं की नंदुरबारहून आलेल्याची संध्याकाळची सुरतकडची गाडी हुकलीच म्हणायची. मग घड्याळ १० मिनिटांवर आणतात आणि डाव अर्ध्या तासात बसतो. पण नुसती मिनिटं कापून बाकी नियम तसेच ठेवले, तर दुसऱ्या फेरीपासूनच पंचाच्या टेबलाशी गर्दी होते.

मूळ खेळात घड्याळ नव्हतंच. आल्फ्रेड बट्स हा अमेरिकेतला वास्तुविशारद. महामंदीत काम गेल्यावर त्याने आधी पटाशिवायचा ‘लेक्सिको’ हा खेळ केला आणि १९३८ साली त्याला १५ बाय १५ घरांचा पट जोडला. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्याने वर्तमानपत्रांची पानं मोजून ठरवलं. १०० टाइल्समध्ये ‘ई’ १२ आणि ‘एस’ मुद्दाम चारच, म्हणजे जो तो शब्दाला ‘एस’ चिकटवून अनेकवचन करत बसणार नाही. (देवनागरीत ही मोजणी जशीच्या तशी चालत नाही. काना-वेलांटीची टाइल वेगळी धरायची की अक्षरातच, इथपासून प्रश्न सुरू होतात. इथे विचार इंग्रजी पटाचाच आहे.) जेम्स ब्रुनोने १९४८ मध्ये या खेळाला ‘स्क्रॅबल’ नाव दिलं. तोवर हा घरात बसून निवांत खेळायचा खेळ होता, आणि नियमही त्याच बेताचे होते.

स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा आधी वाळूचं घड्याळ आलं, एका चालीला तीन मिनिटं. त्यात अडचण अशी की सोपी चाल दहा सेकंदांत केली तरी वाचलेली वेळ हाती राहत नाही आणि अवघड चालीला तीन मिनिटं पुरत नाहीत. बुद्धिबळाने हा प्रश्न १८८३ च्या लंडन स्पर्धेतच दोन तबकड्यांच्या घड्याळाने सोडवला होता: आपली चाल झाली की आपली तबकडी थांबते आणि समोरच्याची सुरू होते. स्क्रॅबलवाल्यांनी तेच उचललं. प्रत्येकाला २५ मिनिटं, आणि पुढच्या प्रत्येक मिनिटाला, ते अर्धवट असलं तरी, १० गुण वजा.

फ्रेंच भाषिकांनी मात्र वेगळी वाट धरली. १९७२ पासून त्यांच्याकडे ‘डुप्लिकेट’ पद्धत रुजली. सगळ्यांना तीच सात अक्षरं मिळतात आणि प्रत्येक जण आपला शब्द व जागा चिठ्ठीवर लिहून देतो. सर्वाधिक गुणांचा शब्द सगळ्यांच्या पटावर लागतो. नेहमी एका चालीला तीन मिनिटं, ‘ब्लिट्झ’मध्ये एक. नशिबाचा भाग जातो आणि जोड्या लावाव्या लागत नाहीत. शाळेच्या सभागृहात ४० मुलं बसवायची असतील तर हीच पद्धत बरी. फक्त पट आणि टाइल्सचा संच प्रत्येकाकडे हवा.

आता समोरासमोरचा दहा मिनिटांचा डाव. पहिली गफलत दंडात होते. २५ मिनिटांच्या डावात एक मिनिट म्हणजे वेळेचे चार टक्के, दहाच्या डावात दहा टक्के. दंड मात्र तोच, १० गुण. सातही टाइल्स लावल्या की ५० गुण जादा मिळतात. त्यासाठी ४० सेकंद उशीर करून १० गुण देणं कोणालाही परवडतं. म्हणून दर १५ सेकंदांना १० गुण असा दंड बरा. वेळ संपली की डाव हरला, हा नियम पंचाला सोपा वाटतो, पण त्यात मागे पडलेला खेळाडू दोन-दोन अक्षरं लावत समोरच्याची वेळ संपायची वाट बघत बसतो. मग शब्द बाजूला पडतात आणि खेळ नुसता घड्याळाची कळ दाबण्याचा होतो.

घड्याळं बहुधा बुद्धिबळवाल्यांकडूनच आणली जातात. त्यातली बरीच शून्यावर थांबतात, उणे वेळ दाखवत नाहीत. अशा घड्याळावर १५ मिनिटं लावावीत आणि पाचच्या खाली गेलेली वेळ जादा धरावी. बुद्धिबळपटू बॉबी फिशरच्या १९८९ च्या पेटंटमधली चालीमागे काही सेकंद वाढवण्याची सोयही आधी बंद करावी. स्क्रॅबलमध्ये ती वापरत नाहीत.

दुसरी गफलत हरकतीत. शब्द तपासताना घड्याळ थांबतं. हरकत चुकली तर आंतरराष्ट्रीय रिवाजात पाच गुणांचा दंड, उत्तर अमेरिकेत थेट पुढची चाल जाते. वेगवान डावात पाच गुण म्हणजे विचार करायला स्वस्तात विकत घेतलेली विश्रांती. त्यामुळे इथे अमेरिकी नियम घ्यावा, आणि तपासणी होईपर्यंत दोघांच्याही टाइल्स उपड्या. शब्दयादी दोन फोनवर नेटशिवाय उघडेल अशी ठेवावी. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही.

तिसरी गोष्ट टाइल्सच्या पिशवीची. क्रम ठरलेला आहे: शब्द लावा, गुण सांगा, कळ दाबा, बेरीज लिहा, मग टाइल्स काढा. एकदा नव्या टाइल्स हातात आल्या की समोरच्याचा हरकतीचा हक्क जातो, म्हणून घाईतला खेळाडू बेरीज न लिहिताच पिशवीत हात घालतो. ते रोखायला समोरच्याने ‘होल्ड’, म्हणजे ‘थांब’, म्हणायची सोय आहे, पण घड्याळ तेव्हा त्याचंच चालू असतं. याच घाईत सातऐवजी आठ टाइल्स येतात. मग समोरचा त्यातल्या काही उघडून बघतो आणि एक पिशवीत परत टाकतो. पिशवी डोळ्यांच्या उंचीवर आणि मान दुसरीकडे, हे पंचाने पहिल्याच फेरीत बजावावं. कोरलेल्या लाकडी टाइल्स बोटांनी वाचता येतात, त्यामुळे गुळगुळीत प्लास्टिकच्या घ्याव्यात. कोरी टाइल कोणतं अक्षर म्हणून लावली हे कळ दाबण्याआधी चिठ्ठीवर लिहून घ्यावं, आणि त्या चिठ्ठीवर काहीतरी जड ठेवावं. मे महिन्यात पंखा बंद करायला कोणी तयार होत नाही.